उसना कॅलिपर आणि त्याच्यासोबत येणारा हिशेब

जुन्या गाडीला नव्या गाडीचे ब्रेक लावले की गाडी लवकर थांबते, हे गॅरेजमधलं सर्वमान्य सत्य अर्धंच खरं आहे. गाडी शेवटी थांबवतो तो टायर. टायर आणि रस्ता यांची पकड जिथे संपते, तिथे ब्रेकची हद्दही संपते. तुमच्या गाडीचे मूळ ड्रम ब्रेक नीट जुळवलेले असतील आणि जोरात पाय दिल्यावर चाकं जागच्या जागी लॉक होत असतील, तर त्या जागी कितीही मोठी डिस्क बसवा, पहिल्या करकचून मारलेल्या ब्रेकला गाडी जवळजवळ तेवढ्याच अंतरात थांबेल.

मग लोक एवढा खटाटोप करतात कशासाठी? दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या ब्रेकसाठी.

ब्रेकचं काम म्हणजे वेगाची उष्णता करणं. माणसांसकट ८०० किलो भरणारी छोटी गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, की साधारण ३ लाख ज्यूल उष्णता तयार होते. ताशी ५० वरून थांबवली तर त्याच्या चौथाई. वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे शाळेतलं सूत्र इथे जिवावर बेततं. आता तीच गाडी लोणावळ्याहून खोपोलीला उतरवा. उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा. त्यातून सुटणारी ऊर्जा ४३ लाख ज्यूल, म्हणजे ताशी १०० वरून चौदा वेळा थांबण्याएवढी. यातला काही वाटा इंजिन आणि हवा उचलते, पण गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या बाबतीत जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो.

ड्रम इथे मार खातो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा. त्याच्या आत शू, म्हणजे अर्धगोल पट्ट्या, बाहेरच्या दिशेने दाबले जातात. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून लांब जातो, त्यामुळे पॅडल आणखी खाली जातं. उष्णता आत कोंडते, शूवरचे लायनर, म्हणजे घासणारे थर, गुळगुळीत पडल्यासारखे होतात आणि पाय देऊनही गाडी सरकत राहते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी. ती उघड्यावर असते आणि कॅलिपर नावाच्या चिमट्यात बसवलेले पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात. ती तापून फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते. पाणी लागलं तरी ती लवकर कोरडी होते.

ड्रमचा एक गुण मात्र डिस्कमध्ये नाही. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो, म्हणजे ब्रेक स्वतःच स्वतःला मदत करतो. डिस्क अशी मदत करत नाही. म्हणून ड्रमच्या जागी डिस्क आली की तेवढ्याच परिणामासाठी पायाला जास्त जोर लावावा लागतो आणि पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा प्रश्न उभा राहतो. ‘डिस्क लावल्यापासून ब्रेक कडक झालाय’ ही तक्रार इथूनच येते, डिस्क खराब असते म्हणून नव्हे.

दुसऱ्या मॉडेलचे भाग लावण्याचं सगळं शास्त्र एकाच गाडीत शिकायचं असेल, तर ब्रिटनची जुनी मिनी घ्यावी. अलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९५९ साली आली. ८४८ सीसीचं, ३४ अश्वशक्तीचं इंजिन, १० इंची चाकं आणि चारही चाकांना ७ इंची ड्रम. १९६१ मध्ये रेसिंग गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांच्या नावाची मिनी कूपर निघाली. इंजिन ५५ अश्वशक्तीचं आणि पुढे ७ इंचाची, बारीकशी डिस्क. कागदावर डिस्क, पण १० इंची रिमच्या पोटात मावेल एवढीच. १९६३ च्या कूपर एसला ७.५ इंची डिस्क आणि सर्व्हो, म्हणजे बूस्टर, मिळाला. हीच गाडी पुढे माँटे कार्लो रॅली जिंकत राहिली. १९८४ मध्ये सगळ्याच मिनींना १२ इंची चाकं आली आणि त्यांच्या आत ८.४ इंची डिस्क बसली. एकाच गाडीच्या पंचवीस वर्षांत पुढच्या ब्रेकच्या चार पायऱ्या झाल्या, आणि पाचवी लोकांनी स्वतः शोधली: ऑस्टिन मेट्रो या दुसऱ्या ब्रिटिश गाडीचा कॅलिपर.

मेट्रो १९८० साली आली. तिचं इंजिन मिनीच्याच घराण्यातलं, पुढच्या चाकाभोवतीचे अनेक भागही नात्यातले. तिच्या ८.४ इंची डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चार पिस्टनचा कॅलिपर होता, तर मिनीच्या ८.४ इंची डिस्कवर दोन पिस्टनचा. मेट्रोचा कॅलिपर मिनीच्या हबवर, म्हणजे चाक धरणाऱ्या मधल्या भागावर, बसतो, हे कळल्यावर भंगारातल्या मेट्रोंना वेगळाच भाव आला. ब्रिटनमधल्या मिनीवाल्यांसाठी हा अनेक वर्षं सर्वात स्वस्त आणि चांगला बदल ठरला.

पण तो कॅलिपर नुसता बोल्टने आवळून भागत नाही, आणि या लेखाचा गाभा तिथेच आहे. मेट्रोच्या प्रत्येक पुढच्या कॅलिपरला ब्रेक ऑइलच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक सर्किट फुटलं तरी दुसऱ्या सर्किटने दोन्ही पुढची चाकं थोडी तरी थांबावीत, हा त्यामागचा विचार. मिनीत मात्र प्रत्येक पुढच्या चाकाला एकच पाइप जातो. तो पाइप कॅलिपरच्या एका तोंडाला जोडून दुसरं तोंड बुजवलं तर निम्मे पिस्टन कधी हलणारच नाहीत. म्हणजे चार पिस्टनचे पैसे देऊन दोनच पिस्टन मिळाले. म्हणून एकतर कॅलिपरच्या आतल्या दोन्ही वाटा भोक पाडून जोडाव्या लागतात, किंवा बाहेरून दोन फाट्यांचा होज, म्हणजे लवचीक नळी, लावावा लागतो. कॅलिपर मेट्रोचा होता आणि तो मेट्रोची गृहीतकं पोटात घेऊनच आला. प्रत्येक उसना भाग असाच येतो. त्याच्या मूळ गाडीचं वजन, टायर, मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) आणि बूस्टर यांचा हिशेब त्यात आधीच मांडलेला असतो. आपल्याला तो हिशेब आपल्या गाडीशी नव्याने जुळवायचा असतो.

हिशेब पहिल्यांदा चुकतो तो ऑइलच्या मापात. इंजेक्शनच्या दोन सिरिंज नळीने जोडा, एक बारीक, एक जाड. बारीक दाबली की जाड सिरिंजचा दट्ट्या जोराने सरकतो, पण थोडासाच. जोर वाढतो तेवढी हालचाल कमी होते. ब्रेकमध्ये बारीक सिरिंज म्हणजे मास्टर सिलिंडर आणि जाड म्हणजे कॅलिपरचे पिस्टन. पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ सव्वापट झालं की त्याच पायाने सव्वापट जोर मिळतो, आणि तेवढंच जास्त ऑइल सरकवायला पॅडलही सव्वापट खाली जातं. जुन्या गाडीच्या पॅडलला आधीच अर्धी चाल ढिली असेल तर ते फळीला जाऊन टेकतं.

मग कोणी म्हणतं, मोठ्या बोअरचा, म्हणजे आतून रुंद, मास्टर सिलिंडर लावू. पॅडल वर येतं, घट्ट लागतं, ग्राहक खूश होतो. पण मास्टर जाड झाला की तेवढ्याच पायाच्या जोराला दाब कमी तयार होतो. ०.७ इंचाच्या जागी ०.७५ इंचाचा मास्टर घेतला तर क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं आणि दाब १३ टक्क्यांच्या आसपास उतरतो. म्हणजे कॅलिपरने दिलेल्यातलं बरंचसं मास्टरने परत घेतलं. कडक पॅडल म्हणजे चांगला ब्रेक असं अनेकांना वाटतं. माझ्या मते जुन्या गाड्यांच्या ब्रेककामात याच्याएवढा फसवा निकष दुसरा नाही.

दुसरी चूक जास्त धोक्याची आहे आणि ती मागच्या चाकांत लपलेली असते. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. मिनीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण २ मीटर ४ सेंटिमीटर. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरू आणि उभ्या गाडीचं ६२ टक्के वजन पुढच्या चाकांवर धरू. कोरड्या रस्त्यावर जोराचा ब्रेक मारला, म्हणजे ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट), तर जवळजवळ २० टक्के वजन मागून पुढे सरकतं. पुढे ८२, मागे १८. ८०० किलोच्या गाडीत मागच्या एकेका चाकावर उरतात सत्तरेक किलो. एवढ्या हलक्या चाकाला पुढच्याइतकाच ब्रेक दिला तर ते क्षणात लॉक होतं.

पुढची चाकं लॉक झाली तर गाडी सरळ घसरते. स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही, पण गाडी सरळ तरी राहते. मागची आधी लॉक झाली तर मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक गाडीत मागचा ब्रेक मुद्दाम दबून ठेवलेला असतो. मिनीत त्यासाठी मागच्या बाजूला दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, आणि ड्रममधले शू ढकलणाऱ्या मागच्या व्हील सिलिंडरचे बोअरही वेगवेगळे मिळतात. पाऊण इंच बोअरच्या जागी अर्ध्या इंचाचा सिलिंडर घातला की मागचा जोर अर्ध्याहून खाली येतो, कारण क्षेत्रफळ बोअरच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. पुढे चांगल्या डिस्क लावल्या, ब्रेक जास्त जोराने लागायला लागला, म्हणजे वजनही जास्त पुढे झुकणार आणि मागचं चाक पूर्वीपेक्षा हलकं होणार. थोडक्यात, पुढचा भाग सुधारला की मागचा ब्रेक आपोआप ‘जास्त’ ठरतो. म्हणूनच मिनीचे जाणकार पुढे मेट्रोचा कॅलिपर आणि मागे बारीक व्हील सिलिंडर असा जोड लावतात. ‘मागेही डिस्क लावून टाकू, चारही चाकांना कशी शोभून दिसेल’ हा हट्ट छोट्या गाडीत बहुतेक वेळा शोभेपुरताच असतो, आणि अंगावर येऊ शकतो.

ड्रमवरून डिस्कवर जाताना आणखी एक बारीक भाग नडतो. जुन्या ड्रमवाल्या मास्टर सिलिंडरमध्ये अनेकदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो पाइपमध्ये थोडा दाब शिल्लक ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबर सैल पडून हवा ओढत नाहीत. तोच दाब डिस्कच्या कॅलिपरवर राहिला तर पॅड सतत डिस्कला चिकटून घासतात. गाडी थोडी चालली की चाक तापतं, पेट्रोल जास्त जातं, आणि मग दोष कॅलिपरवर येतो. त्यामुळे पुढे डिस्क आली की मास्टरही डिस्कला चालेल असा पाहिजे.

मास्टरचा विषय निघालाच आहे तर एक ठाम मत. सुरुवातीच्या मिनीत आणि त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असे. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जाई. अशा गाडीवर पहिला पैसा खर्च करायचा असेल तर तो मोठ्या डिस्कवर नव्हे, दोन सर्किटच्या टँडम मास्टरवर करावा. चारचौघांत दाखवता येण्यासारखं त्यात काही नसतं, हे खरं.

आता ड्रमवाल्या मिनीत थेट ८.४ इंची डिस्क लावायची म्हटलं तर नुसती डिस्क आणि कॅलिपर पुरत नाही. ड्रमच्या गाडीचे सीव्ही जॉइंट (इंजिनाची ताकद चाकाला पोचवणारे सांधे) वेगळे, हब वेगळा, चाक धरणारा फ्लँज वेगळा. अख्खा जोड डिस्कवाल्या गाडीचा घ्यावा लागतो. तो लावला की पुढची चाकं थोडी बाहेर येतात. १९८४ च्या मिनीला मडगार्डवर प्लास्टिकच्या कमानी आल्या त्या याच बदलांबरोबर. मग मागची चाकंही बाहेर आणायला स्पेसर जोडलेले ड्रम घ्यावे लागतात. शिवाय १० इंची रिम आता उपयोगाचे नाहीत, आणि मेट्रोचा कॅलिपर काही १२ इंची रिमलाही आतून घासतो. रिम घेण्याआधी कॅलिपरवर चढवून, हाताने फिरवून बघावा.

आपल्याकडे मिनी विरळाच. पण ‘पद्मिनीला मारुतीची डिस्क बसवून देतो’ असं कोणी म्हणालं, तर वरचा सगळा हिशेब जसाच्या तसा लागू आहे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे सगळ्यांना ठाऊक असलेल्या पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम, इंजिन १०८९ सीसीचं. मिनी आणि मेट्रो निदान एका घराण्यातल्या. पद्मिनी मूळची फियाट, मारुती मूळची सुझुकी. इथे कॅलिपर आपणहून हबवर बसत नाही, मधे ब्रॅकेट बनवावा लागतो. आणि खरी जोखीम त्या ब्रॅकेटमध्ये आहे.

तिथे किती जोर येतो ते पाहा. मघाच्याच ८०० किलोच्या मिनीत, ०.८ जीच्या ब्रेकला पुढच्या एका टायरवर सुमारे २६०० न्यूटन जोर येतो. टायरची त्रिज्या २५ सेंटिमीटर, पण कॅलिपर डिस्कला मध्यापासून फक्त ९ सेंटिमीटरवर पकडतो. त्यामुळे कॅलिपरवरचा जोर पावणेतीन पटींहून जास्त होतो, म्हणजे सातशे किलोहून अधिक वजन टांगल्यासारखा. पद्मिनी मिनीपेक्षा जड आणि तिची चाकं मोठी, म्हणजे आकडा आणखी वर जाणार. हा जोर हजारो वेळा येणार आणि जाणार. कोपऱ्यावर वेल्डिंग करून जोडलेल्या पट्टीवर मी तो सोपवणार नाही. ब्रॅकेट एकसंध जाड पोलादी प्लेटमधून, लेथ किंवा मिलिंगवर कापलेला असावा. डिस्क पॅडच्या बरोबर मध्ये यावी आणि बोल्ट उच्च ताकदीचे असावेत. कारागिराला एवढंच विचारा: मास्टर कोणता ठेवणार, मागच्या व्हील सिलिंडरचं काय करणार, बूस्टर कुठून आणणार आणि ब्रॅकेट कसा बनवणार? ‘ते सगळं होऊन जाईल’ असं उत्तर आलं तर चावी खिशात ठेवून घरी यावं.

पाइपच्या बाबतीत एकच सांगतो, आटे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंची आटे असतात, नंतरच्या गाड्यांत मेट्रिक. ३/८ इंचाचा आणि १० मिलिमीटरचा नट हातात घेतला तर फरक कळत नाही, आणि जोर लावला तर चुकीचा नटही दोनचार आटे चढतो. तो तिथे टिकतो तो पहिल्या जोराच्या ब्रेकपर्यंत.

ब्रेक ऑइलला मात्र लोक उगाच दुय्यम मानतात. डॉट ३ आणि डॉट ४ ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. घाटात कॅलिपर तापला, आतलं ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले की पाय सरळ आत जातो. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. कोकणातल्या दमट हवेत गाडी ठेवणाऱ्याने दोन वर्षांनी ऑइल बदलावं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते यांत मिसळू नये. डॉट ५.१ मात्र डॉट ४ च्याच जातीचं. ही नावं कोणी ठेवली कोण जाणे.

आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जुन्या गाड्यांना दुसऱ्या गाडीचे भाग लागतच नाहीत. मूळ ड्रम लेथवर गोल करून, शू नीट जुळवून, नवे व्हील सिलिंडर, नवे रबर होज, ताजं ऑइल आणि चांगले टायर एवढं केलं की ‘ब्रेक नाहीत’ म्हणून आणलेली गाडी थांबायला लागते. आधी हे करावं. त्यानंतरही घाटात ब्रेक फिके पडत असतील, तर डिस्कचा विचार. जुने शू काढताना आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

कायद्याचं बघायचं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत फेरफार करण्यावर बंधनं घालतं. उत्पादकाने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर २०२१ च्या नियमांना गाडीचं मूळ रूप हवं असतं. अशा गाडीचे काढलेले ड्रम आणि शू विकू नका.

काम झाल्यावरची चाचणी रिकाम्या, सपाट, कोरड्या जागी करावी. आधी गाडी उभी ठेवून पॅडल मिनिटभर जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टरचे रबर गेलेत. मग ताशी २० च्या वेगात ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. नवे पॅड डिस्कवर बसेपर्यंत हळूहळू वाढत्या वेगात मध्यम जोराचे ब्रेक मारा, मधे हवा लागू द्या, तापल्या तापल्या गाडी उभी करून पॅडल दाबून धरू नका. शेवटी ताशी ४० वर जोराचा ब्रेक, आणि बाहेर एक माणूस चाकांकडे बघत उभा. आधी पुढची चाकं लॉक झाली तर ठीक. मागची आधी झाली, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका, मागचे व्हील सिलिंडर पुन्हा उघडायला घ्या.